वरचं दाखवा

राजकुमारनं माळ्यावरून सोडलेला सहा साड्यांचा गठ्ठा काकासाहेबांच्या हातात न येता चहाच्या ट्रेमध्ये पडला, ही तशी किरकोळ घटना. चहा चार कप होता, साड्या रोजच्या वापराच्या होत्या, आणि गिऱ्हाईक सिडकोतलं असल्यामुळं त्यांनी रागावायच्या ऐवजी फोटो काढला. पण काकासाहेब एकतीस वर्षं साडीच्या दुकानातल्या त्या पांढऱ्या गादीवर बसत होते, आणि एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गठ्ठा सुटला नव्हता. गुलमंडीतल्या त्या गल्लीत झेल घेण्याबद्दल त्यांचं नाव होतं. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता मान अर्धा क्षण वर जायची, हात आपोआप पसरायचे, गठ्ठा तळव्यात बसायचा आणि तोंडातलं वाक्य तुटायचंसुद्धा नाही. आज मान वर गेली, जराशी डावीकडं झुकली, आणि माळा हलला. माळा, माळ्यावर उकिडवा बसलेला राजकुमार, ट्यूबलाइट आणि हार घातलेला लक्ष्मीचा फोटो, सगळं एका बाजूला ओघळलं, झटक्यात जागेवर आलं, पुन्हा ओघळलं. गठ्ठे तीन दिसत होते. काकासाहेबांनी त्यातल्या मधल्याकडं हात केला, आणि खरा गठ्ठा दुसराच निघाला. मग त्यांनी दोन्ही तळवे गादीवर दाबले आणि गादी कुठं जाऊ नये म्हणून घट्ट धरून ठेवली.

"क्या काकासाब, नजर किधर है?" राजकुमार वरून ओरडला. तो साठीला आलेला माणूस. त्याचं अर्धं आयुष्य त्या माळ्यावर वाकून गेलेलं. "चष्मा बदलायला झालाय," काकासाहेब म्हणाले. चष्मा त्यांनी दिवाळीतच बदलला होता.

हे त्या दिवशीच सुरू झालं असंही नव्हतं. त्याआधी चार-पाच सकाळी उठताना पलंग नावेसारखा कलला होता. काकासाहेब कधी नावेत बसलेले नव्हते, पण उपमेला तेवढी सवलत असते. त्यांनी या गोष्टीचा व्यवस्थित अभ्यास केला. डाव्या कुशीवर वळलं की फिरतं. मान वर केली की फिरतं. चाळीस आकडे मोजेपर्यंत फिरतं, मग थांबतं. तेव्हा उपाय सरळ होता: आयुष्यातून डावीकडं आणि वर या दोन दिशा काढून टाकायच्या. माणसाला चार दिशा कशाला लागतात? त्यांनी रात्री आडवं होणं सोडलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत उशी घेऊन झोपायला लागले. स्कूटर बंद केली. शेअर रिक्षात अगदी डाव्या कडेला बसायचं, म्हणजे बोलायला कुणी असलंच तर उजवीकडंच असेल. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की न्हाणी सरकायची, म्हणून एका हातानं नळ धरून उघड्या डोळ्यांनी साबण सोसायला शिकले. कुणी डावीकडून हाक मारली तर बाशिंग बांधलेला नवरदेव वळतो तसे अख्ख्या अंगानं वळायचे. शेवटी मेडिकलमधून त्यांनी स्वतःच मानेचा पट्टा विकत आणला. पट्ट्याचा फायदा असा, की लोक कारण विचारत नाहीत, स्वतःच सांगतात. "मणका ना? माझ्या मेव्हण्याचंबी तेच." कुणी पित्त म्हटलं, कुणी सुंठ सांगितली, कुणी नजर. घराजवळच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, शुगर बघितली, दोन वेळा गोळ्या दिल्या, आणि तिसऱ्या वेळी एका चिठ्ठीवर लिहिलं: कानाच्या डॉक्टरांना दाखवा. काकासाहेबांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. त्यांना अर्थ कळला होता. कानाला काही झालेलं नव्हतं, कान व्यवस्थित ऐकत होते. सरळ डोक्याचं नाव काढलं तर माणूस घाबरेल, म्हणून डॉक्टर लोक आधी शेजारच्या घराचं दार वाजवतात.

डोक्याचं नाव काढायला त्यांना डॉक्टर लागत नव्हता. देवगाव रंगारीच्या बाजूला आप्पांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, तेव्हा वर्षा-दोन वर्षांत एखादी मेंढी गोल गोल फिरायला लागायची. कळप पुढं निघायचा आणि ही मागं एकाच अंगानं फेरे घालत राहायची, मान एकीकडं वाकडी, डोळ्यांत काही तक्रार नाही. आप्पा दोन दिवस नुसते बघायचे. "हिच्या डोक्यात गेलं," म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ती मेंढी कळपात नसायची. "आप्पा, ती कुठं गेली?" "गेली." त्या संध्याकाळी रस्सा असायचा, आणि बारा वर्षांच्या काकासाहेबांनी तो एकदा दोनदा मागून घेतला होता. हे त्यांना बेचाळीस वर्षांत कधी आठवलं नव्हतं. आता प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून ते नेमानं आठवायचं. रश्श्याच्या चवीसकट, आणि चव चांगली होती यासकट. आप्पा वाईट माणूस नव्हते. कळपाला चालायचं असतं. जी चालत नाही तिच्यासाठी सगळ्यांना थांबवता येत नाही, इतकं साधं. दुकानात हीच गोष्ट शिवराजशेठ इंग्रजीत सांगायचे. दोन वर्षांपूर्वी मोठे शेठ गेल्यावर दुकान त्यांच्याकडं आलं. चौतिसाव्या वर्षी ते सगळ्यांना 'काका' म्हणत आणि ज्याचा हात मंद झाला त्याला दरवाज्याजवळच्या टॉवेल-रुमालांच्या काउंटरवर स्टूल देत. पगार तोच. वागणूकही चांगली. फक्त दोन माणसं तिकडं गेली होती आणि तिकडून गादीवर परत कुणी आलं नव्हतं. टॉवेल घेणारा माणूस बसत नाही. चहा पीत नाही. घरात लग्न कुणाचं, मुलगी कुठली, हे तो सांगत नाही. रंगसुद्धा दुसऱ्यांदा बघत नाही. काकासाहेबांना मरणाची भीती वाटत होती का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं होतं. उत्तर येण्याआधीच डोळ्यांसमोर ते स्टूल यायचं.

आणि याच काळात त्यांची विक्री वाढली. आपल्याकडं गिऱ्हाईक गादीवर टेकलं की पहिल्यांदा बोट वर करतं. "वरचं दाखवा." चांगला माल दुकानदार वर लपवून ठेवतो आणि खालचा गळ्यात मारतो, यावर गंगापूरपासून अजिंठ्यापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. आजवर काकासाहेब मान वर करून राजकुमारला खूण करायचे आणि खालच्याच खणातल्या मालाची भावंडं वरून खाली यायची. आता मान वर करणं बंद झाल्यामुळं त्यांना नवीन बोलणं भाग पडलं. "ताई, वरचं सगळ्यांनी हाताळलेलं हाय. हे खालचं अजून कुणी बघितलंसुद्धा नाय." हे शब्दशः खरं होतं. त्या खणातला माल चार वर्षं कुणी बघितला नव्हता. तीन आठवड्यांत खण रिकामा झाला. शिवराजशेठनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. "काका, मानलं तुम्हाला. ही स्ट्रॅटेजी काय आहे नक्की?" मान, असं सांगायचं काकासाहेबांच्या जिभेवर आलं होतं. "अनुभव," ते म्हणाले. "मग शुक्रवारचा गंगापूरचा बस्ता तुम्हीच घ्या. पट्टा तेवढा काढून बसा, फोटो चांगले येत नाहीत." बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत, नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या मानाच्या लुगड्यापर्यंत. अख्खं भावकीचं माणूस जीप भरून येतं, सकाळी बसतं आणि दिवेलागणीला उठतं. त्यात कुठली आत्या कुणापेक्षा मोठी हे कापडाच्या पोतावरून ठरतं, आणि एक गठ्ठा चुकीच्या मांडीवर पडला तर सोयरीक हलते. बस्ता फक्त खालच्या खणावर निभत नाही. शुक्रवारी दिवसभरात शंभर वेळा मान वर करावी लागणार होती. काकासाहेबांना त्या शंभरांतली पहिलीच पुरी होती.

बुधवारी शालूबाईंनी धुण्याआधी शर्टाचे खिसे तपासले. साडीच्या दुकानातल्या माणसाच्या बायकोचं नाव शालू असण्यावरचे सगळे विनोद एकतीस वर्षांत करून संपले होते, त्यामुळं त्या घरात आता फक्त कामाचं बोलणं व्हायचं. "ही चिठ्ठी कवाची?" "परवाची." "हिच्यावर तारीख हाय. नऊ दिवस झाले." काकासाहेब खुर्चीत होते. "माझे कान चांगलेत. मला ऐकू येतं." "किती ऐकू येतं ते मी एवढी वर्षं बघतीय. आन् खुर्चीत झोपायला तुम्ही काय मंत्री हायेत का? उद्या सकाळी चला." "उद्या दुकान—" "दुकान कुठं चक्कर येऊन पडणारंय? चला म्हणलं की चला." मग आवाज उतरवून, धुणं तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "मला काय दिसत नाय का? तुम्ही माझ्याकडंबी अख्खे वळून बघता." काकासाहेबांची पलंगावरची जागा शालूबाईंच्या उजव्या हाताला होती, म्हणजे त्यांच्याकडं तोंड करायचं तर डाव्या कुशीवरच वळावं लागायचं. ही गोष्ट अभ्यासात राहून गेली होती.

दवाखाना औरंगपुऱ्यात, दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. डॉक्टरीणबाई तिशीतल्या, पायात पळायचे बूट. "हा पट्टा कुणी दिला?" "मीच घेतला." "शोभतोय. काढा." मग त्यांनी विचारलं, कधी फिरतं, किती वेळ फिरतं, आणि काकासाहेबांनी तीन आठवड्यांचा अभ्यास एका दमात सांगितला तेव्हा त्या खूश झाल्या, परीक्षेला आलेला प्रश्न ओळखीचा निघाल्यासारख्या. "काका, गवंड्याची पाणसळ बघितलीय ना? प्रत्येक कानाच्या अगदी आत तशा तीन असतात. बांगडीसारख्या गोल, आत पाणी, तिन्ही वेगवेगळ्या दिशांना. मान वळली की बांगडी वळते, पाणी मागं राहतं, आतल्या केसांवर त्याचा दाब येतो, आणि मेंदूला कळतं की हा माणूस वळला. त्यांच्या शेजारच्या खोलीत चुन्यासारखे बारीक खडे चिकटून बसवलेले असतात. वर कुठं, खाली कुठं, आपण सरळ आहोत की कललोत, हे सांगायला. वयानं म्हणा, उगाच म्हणा, त्यातले काही सुटतात आणि चुकून बांगडीत शिरतात. मग तुम्ही मान हलवून थांबलात तरी खडे घरंगळत राहतात आणि पाण्याला ढकलतात. कान म्हणतो हा फिरतोय. डोळे म्हणतात बसलाय. तळपाय म्हणतात बसलाय. या भांडणाचं नाव चक्कर."

काकासाहेब ऐकत होते. त्यांना आधी वाटलं की ही बाई आपल्याला लहान पोराला समजावतात तसं समजावतेय. मग वाटलं, समजावू दे. चौपन्न वर्षं, ते मेंढरांमागं बांधावरून पळत होते तेव्हा, वरातीत नाचले तेव्हा, गादीवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी अंधारात बसून सारखं बघत होतं की हा माणूस सरळ आहे ना, आणि कलला तर खालच्या मजल्याला सांगत होतं. न बोलता, सुट्टी न घेता. त्यांची ओळख झाली ती त्यांच्याकडून पहिली चूक झाल्यावर. असाच एक माणूस माळ्यावर बसलेला असतो, असं त्यांच्या मनात आलं. एकतीस वर्षांत आपण राजकुमारकडं पाहिलं ते एका वेळी अर्धाच क्षण. "म्हणजे डोक्यात काही गेलेलं नाय?" त्यांनी विचारलं. आवाज बारा वर्षांच्या मुलाचा निघाला, म्हणून त्यांनी खोकून घेतलं. "तुमच्या बोलण्यावरून तरी खडेच वाटतात. झोपलात की डोळेच सांगतील. डाव्या बाजूला."

डाव्या बाजूला झोपायचं नाही, यावर गेले तीन आठवडे त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. त्यांनी शालूबाईंकडं पाहिलं. त्यासाठी अख्खं वळावं लागलं. "पडा," शालूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, डावीकडं वळवलं, आणि एका झपाट्यात त्यांना मागं आडवं केलं. डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं. एक, दोन, तीन, काहीच नाही. आणि मग छत सुटलं. पंखा, भिंत, डॉक्टरीणबाईंचा चेहरा, सगळं एका अंगानं ओघळायला लागलं. त्यांच्या हातानं शून्यात काहीतरी धरायला घेतलं आणि त्यात शालूबाईंचं मनगट आलं. "डोळे मिटू नका. माझ्याकडं बघा." डॉक्टरीणबाई त्यांच्या डोळ्यांत बघत होत्या, इतक्या जवळून आणि इतक्या आस्थेनं, की तशाही अवस्थेत त्यांना अवघडल्यासारखं झालं. "छान," त्या म्हणाल्या. जग उलटंपालटं होत होतं आणि ही बाई छान म्हणत होती. "डोळे बरोबर त्याच दिशेला उडतायत. पळताय तुम्ही त्याच्यापासून, म्हणून ते राहिलंय. थांबा इथंच. थांबू दे त्याला." आणि त्या ओघळण्याच्या मधोमध खळ्यावरची आक्काबाई आली. थोरली बहीण, मनगटाला मनगट अडकवून मागं झुकायची आणि फुगडीला असा वेग द्यायची की लिंब, बैल, आप्पा, आभाळ सगळ्याची एक पट्टी व्हायची. मग दोघं खळ्यावर उताणी पडून पृथ्वी थांबायची वाट बघायची, आणि ती थांबू नये असं वाटायचं. तेव्हा हेच होतं. अगदी हेच, आणि ते पुन्हा पुन्हा मागून घेतलेलं. सदतीस, अडतीस. फिरणं विरलं. डॉक्टरीणबाईंनी डोकं हळूच उजवीकडं वळवलं, वाट बघितली, मग अख्खं अंग उजव्या कुशीवर, नाक जमिनीकडं, पुन्हा वाट, मग उठवून बसवलं. पाच मिनिटं गेली. "आता परत डावीकडं." परत आडवे झाले. एक, दोन, तीन. दहा. वीस. छत जागेवर होतं. त्याला एका कोपऱ्यात ओल आलेली होती, रंगाचे पोपडे सुटले होते, मधोमध एक बिनकामाचा हुक होता. काकासाहेब त्या हुकाकडं बघत राहिले. त्यांनी देवळांचे कळस पाहिले होते, दौलताबादचा किल्ला पाहिला होता; इतकं स्थिर काही पाहिलं नव्हतं. "काका, उठा आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन दिवस थोडं हलल्यासारखं वाटेल. पुन्हा झालं तर पुन्हा या, कधी कधी परत येतं. पण जीभ जड झाली, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसत राहिले, तर माझ्याकडं वेळ घालवू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात. आणि ती खुर्ची अंगणात टाका."

शुक्रवारी गंगापूरची मंडळी दहालाच आली. अकरा बाया, तीन पुरुष, आणि नवरदेवाची आजी सरूबाई. सत्तरीची, नऊवारी, बोलण्यापेक्षा बघणारी. ती गादीवर न येता खांबाला टेकून बसली. तिची सून लीलाबाई पुढं सरकली आणि तिनं बोट वर केलं. "हे खालचं ऱ्हाऊ द्या. वरचं दाखवा." शिवराजशेठ मोबाइल घेऊन मागं उभे होते. काकासाहेबांनी मान वर केली, जराशी डावीकडं. माळा हलला नाही. पण पोटात एक बारीक हेलकावा आला. एसटी थांबल्यावर अंग अजून अर्धा फूट पुढं जातं तसा. त्यांचे हात पसरले नाहीत. वर राजकुमार गठ्ठा धरून थांबला. तो फेकत नव्हता. काकासाहेबांनी प्रथमच त्याच्याकडं अर्ध्या क्षणापेक्षा जास्त पाहिलं, आणि त्यांना दिसलं की याला तीन आठवडे सगळं माहीत आहे. "फेकूं क्या?" राजकुमारनं हळूच विचारलं. चष्म्याचं कारण एकदा वापरून झालं होतं. आणि खोटं बोलायला मान ताठ लागते. ती आता मोकळी झाली होती. "जरा दमानं," काकासाहेब म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तीन आठवडे मला वर बघता येत नव्हतं. कानात खडे सरकले होते. काल डॉक्टरनं बसवले जागेवर. आजचा दिवस सावकाश घ्यावं लागंल."

शिवराजशेठचा मोबाइल खाली आला. "म्हणजे ती स्ट्रॅटेजी..." "मान वर जात नव्हती, शेठ." पण शेठना पुढं बोलायला जागाच मिळाली नाही. बायांनी साड्या मांडीवरून बाजूला केल्या होत्या. कापड काय, कुठंही मिळतं. आजार असा समोरासमोर क्वचित मिळतो. "खडे? कानात? मुतखड्यावानी?" "म्या ऐकलं नाय बाई कधी." "औषध काय दिलं?" "औषध नाय. डोकं फिरवलं नुसतं." "व्हय! आमच्या ह्यांचं कुणी फिरवील का?" हशा झाला. काकासाहेबांनी एक साडी गोल गुंडाळली, तिच्यात सुपारीचं खांड टाकलं आणि ते कसं घरंगळतं, कसं बाहेर काढायचं, ते फिरवून दाखवलं. मध्येच राजकुमारनं गठ्ठा सोडला, तो हातात आला, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. नीट गेलेल्या झेलाबद्दल बोलत नसतात.

"कोणच्या कुशीवर?" खांबापासून आवाज आला. सरूबाईनं इतक्या वेळात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "माझ्या डाव्या," काकासाहेब म्हणाले. "माझ्या उजव्या," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली." लीलाबाई गर्रकन वळली. "आत्याबाई! कवा बोलल्या नाय तुम्ही!" "बोलून काय? रानात जाऊ दिलं असतं का मग मला? 'म्हातारी पडंल, म्हातारीला घरी बसवा, पोरं राखू द्या.' म्या कोठीला टेकून बसून झोपते. तुम्हाला वाटतं भजन करते." यावर कुणी हसलं नाही. सरूबाईचा हात खांबावर होता, आणि काकासाहेबांना कळलं की ती टेकलेली नव्हती. तिनं तो खांब धरून ठेवला होता. "दवाखाना दोन वाजेपर्यंत असतो," ते म्हणाले. "चालत दहा मिनिटं. तुमचं तेच हाय का दुसरं काही, ते डॉक्टरीणबाई डोळ्यांत बघून सांगतील."

गादीवर चाळीसेक साड्या उलगडून पडल्या होत्या. बस्ता अर्ध्यात सोडून कुणी उठत नाही, अपशकुन असतो की काय ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, कारण आजवर कुणी उठलं नव्हतं. काकासाहेब गुडघ्यावर हात ठेवून उठले. शिवराजशेठनी गादीकडं पाहिलं, अकरा बायांकडं पाहिलं, मग काकासाहेबांकडं. "काका, परत किती वेळात?" "तासाभरात." शेठनी मोबाइल खिशात टाकला, इस्त्रीची पँट गुडघ्याशी जरा वर ओढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गादीच्या कडेला मांडी घालून बसले. "या सावकाश," ते म्हणाले. "तुमची जागा मी धरतो तोवर."

सरूबाई दुकानाच्या पायरीपाशी आली आणि थांबली. बाहेर रिक्षा, हातगाड्या, ऊन. तिनं काकासाहेबांचं कोपर घट्ट धरलं. "आन् पडले तर रं, भाऊ?"

"मीबी अजून जरा हलतोय, आजी. पडलो तर दोघं पडू."

"मग चालंल," सरूबाई म्हणाली, आणि खाली न बघता पायरी उतरली.